वेदिकेच्या आत: नागपुरातले चार दिवस

पहिला दिवस: इंदोरा ते दीक्षाभूमी

विदर्भ एक्सप्रेसमधून उतरले तर मावशी फलाटावरच उभी. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. "काहून वं, एवढी वाळली?" हे पहिलं वाक्य. "चाल, पयले आंघोळ कर, मंग जाऊ" हे दुसरं. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता, सकाळी हवेत चांगलाच गारवा होता आणि स्टेशनबाहेरच्या हातगाड्यांवर आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागले होते.

मी नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात वीस वर्षं नकाशे काढते आहे. घरापासून त्रिरश्मीची बौद्ध लेणी जवळ. शाळेत असताना सहलीला, पुढे एकटीनं, आता दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी मी तिथे जाते. लेणे क्रमांक ३ च्या पुढच्या बाजूला दगडात एक कठडा कोरलेला आहे. उभे खांब आणि त्यांत अडकवलेल्या आडव्या पट्ट्या. ही वेदिका. त्याच लेण्याच्या दारावर तोरणही, म्हणजे स्तूपाच्या वाटेवरचं प्रवेशद्वार, कोरलं आहे. हे तोरण सुटं उभं नाही आणि ही वेदिका काही अडवत नाही, कारण दोन्ही एकाच कातळातून काढलेल्या नक्ष्या आहेत. मूळ वस्तू दुसरीकडे होती. आधी लाकडाची, मग सुट्या दगडांची, स्तूपाभोवती उभी केलेली. ती मूळ कल्पना उभ्या इमारतीत कशी दिसते, हे मला नीट बघायचं होतं. म्हणून नागपूर. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी दोनदा येऊन गेले होते, पण त्या गर्दीत माणसं दिसतात, इमारत दिसत नाही. या वेळी मुद्दाम गर्दी ओसरल्यावर आले.

मावशी इंदोऱ्यात राहते. दुपारी भाकर, वांग्याचं भरीत, वर भरपूर सांबार (नाशिककरांसाठी सांगते, इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) असं जेवून आम्ही इंदोरा चौकातून मेट्रोत बसलो. ऑरेंज लाइन सरळ रहाटे कॉलनीला नेते. सीताबर्डी आलं तेव्हा मावशीनं खिडकीतून बोट दाखवलं. बाबासाहेब दीक्षेच्या वेळी इथल्याच श्याम हॉटेलात उतरले होते. १३ ऑक्टोबर १९५६ ला पत्रकारांशी ते बोलले तेही इथेच. त्याच्या बरोबर एकवीस वर्षं आधी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आमच्या जिल्ह्यात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती. आणि त्याच्याही आधी, २ मार्च १९३० पासून, नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह चालला होता. माझे पणजोबा त्यात होते. पंचवटीतून जाताना आमच्या घरात अजूनही ते दार दाखवलं जातं. पणजोबांच्या हयातीत ते त्यांच्यासाठी बंद होतं, एवढंच सांगितलं जातं, पुढे कोणी काही बोलत नाही.

दीक्षाभूमीच्या आवाराच्या प्रवेशालाच सांचीच्या धर्तीचं तोरण आहे. दोन खांब आणि त्यांवर आडव्या तुळया. सांचीत या तुळया दगडाच्या असल्या तरी सुतारकामासारख्या एकमेकींवर बसवलेल्या आहेत. तिथल्या दक्षिण तोरणावर एका कारागीर-प्रमुखाचं नाव आहे. सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य, आनंद. आणि त्याच तोरणावरचं एक शिल्प विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केल्याचं लिहिलं आहे. हस्तिदंतावर काम करणाऱ्याची सवय दगडात उतरली म्हणून ती शिल्पं इतकी बारीक. तुळई कोणी दिली, काम कोणी केलं, हे दगडावरच लिहून ठेवायची त्या लोकांची पद्धत होती. हे मला त्यांच्या नक्षीइतकंच मोलाचं वाटतं.

तोरणातून आत गेलं की समोर पांढरा घुमट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो फक्त मोठा वाटतो. मी या वेळी आकडे सोबत घेऊन गेले होते. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर, म्हणजे १२० फूट. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा व्यासही १२० फूट. इथपर्यंत दोघं भाऊ-भाऊ. पण सांचीची उंची साधारण ५४ फूट आणि इथली १२० फूट. पाया तेवढाच, उंची दुपटीहून जास्त. असं का, याचं उत्तर आत आहे.

जुना स्तूप भरीव असतो. आत विटा, माती, दगड, आणि पोटात कुठेतरी धातूचा, म्हणजे अस्थींचा, करंडक. वरून दगडी आवरण. त्याला मेधी असते, म्हणजे खालचा चौथरा. त्यावर अंड, म्हणजे घुमट. त्यावर हर्मिका, म्हणजे चौकोनी कठडा, त्यातून वर जाणारी यष्टी, म्हणजे दांडा, आणि तिच्यावर छत्र. भोवती वेदिका, आणि वेदिका व स्तूप यांच्यामध्ये प्रदक्षिणापथ. माणूस आत जात नाही, भोवती फिरतो. असा भरीव घुमट बांधायला अवघड नाही, कारण त्याचं वजन तो स्वतःच खाली उतरवतो. पोकळ घुमटाचं तसं नाही. तो खालच्या कडेला बाहेर पसरू पाहतो, त्याला कड्यानं बांधून धरावं लागतं. शिवाय ओतकाम घट्ट होईपर्यंत खालून टेकू द्यावे लागतात. म्हणजे सेंट्रिंग. लाकडी फळ्या, बल्ल्या, खिळे आणि रात्रंदिवस राबणारे हात.

दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. वास्तुरचनाकार शिवदान मल यांनी सांचीचा आकार घेतला आणि त्याच्या आत माणसांसाठी जागा केली. १९७८ मध्ये काम सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. तेवीस वर्षं. धोलपूरचा दगड, संगमरवर, ग्रॅनाइट, आणि हे सगळं लोकांच्या वर्गणीत हळूहळू बसवत नेलेलं.

चार दिशांना चार दारं आहेत. दारांवरच्या कमानींत अशोकचक्र, आणि घोडे, सिंह, हत्ती यांच्या मूर्ती. हे प्राणी मी पुष्कळ वेळ पाहत उभी राहिले. सांचीत तुळयांच्या टोकांना, खांबांच्या माथ्यावर प्राणी खच्चून भरलेले असतात, एकावर एक. इथे ते मोकळे, एकेकटे उभे आहेत, भोवती रिकामी भिंत आहे. मला आधी ते थोडं कोरडं वाटलं होतं. ऑक्टोबरातला माणसांचा पूर आठवला तेव्हा लक्षात आलं की या इमारतीला भिंतीवरची गर्दी नको होती. तिच्या अंगणात लाखो माणसं उभी राहणार हे तिच्या नकाशात पहिल्यापासून धरलेलं आहे.

आत शिरलं की आवाज बदलतो. चपलांचा आवाज नाही, फक्त कुजबुज, आणि तीसुद्धा वर जाऊन परत येते. मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी, बुद्धमूर्ती. सांचीत धातू डोळ्यांआड, भरावाच्या पोटात. इथे तो मध्यभागी, उजेडात, आणि त्याच्यापर्यंत कोणालाही चालत जाता येतं. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन आली होती. तिनं त्याचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत धरून जोडले. माझे पणजोबा मला आठवले. ज्यांना शतकानुशतकं गाभाऱ्याबाहेर उभं केलं, त्यांच्यासाठी इमारत बांधताना भरीव स्तूप बांधून पुन्हा त्यांना बाहेरच फिरवायचं, हे कोणाच्याही मनाला पटलं नसतं. घुमट पोकळ करायला किती लाकूड आणि किती वर्षं लागली हे मला कळतं, पण तो पोकळ करणं अटळ होतं असं मला त्या दिवशी वाटलं.

बाहेर बोधिवृक्ष आहे. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या आणल्या, त्यातून तो वाढला. आम्ही दोघी त्याच्या सावलीत टेकलो. मावशी म्हणाली, "तुझे काका इथंच होते ना वं. सेंट्रिंगच्या कामाले. चार वर्सं."

मला हे ठाऊक नव्हतं. काका जाऊन आता अकरा वर्षं झाली. ते मिस्तरी होते एवढंच मला माहीत. मावशी सांगत होती, ती सकाळी डबा घेऊन इंदोऱ्याहून यायची, कधी बसनं, कधी चालत. तेव्हा इथे सगळीकडे बल्ल्याच बल्ल्या दिसायच्या. "त्याह्यच्या जंगलात तुझे काका कुठं आहेत हे हाक मारूनच समजे."

दुसरा दिवस: कामठी, आणि दुपारी मनसर

सकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावर तर्री-पोहे. तर्री इतकी तिखट की बोलणं थांबलं. मग कामठी रस्त्याला लागलो.

भिलगावला नागलोक आहे, नागार्जुन प्रशिक्षण संस्थेचा परिसर. देशभरातून तरुण मुलं-मुली इथे राहून धम्म आणि सामाजिक कामाचं शिक्षण घेतात. इमारतींची आखणी ख्रिस्तोफर बेनिंजर यांची. पण येणारा प्रत्येक जण थांबतो तो चालणाऱ्या बुद्धासमोर. बसलेला बुद्ध आपण हजारदा पाहतो. हा सोनेरी बुद्ध मोकळ्या आकाशाखाली पाऊल पुढे टाकून निघाला आहे. ‘चरथ भिक्खवे चारिकं, बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे वचन पाठ असलेल्या माणसाला त्या पावलाचा अर्थ सांगावा लागत नाही. मावशी मूर्तीसमोर नुसती उभी राहिली नाही. जोडलेल्या हातांनी ती चालत चालत एक वळसा घालून आली.

कामठी गावात शिरण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. आज आपण ज्या शब्दांनी एकमेकांना भेटतो, ते ‘जय भीम’ रूढ करण्याचं श्रेय याच गावच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. हरदास लक्ष्मणराव नगराळे, जन्म १९०४ चा. विडी कामगारांची संघटना बांधणारा, स्वतंत्र मजूर पक्षाचा आमदार झालेला हा माणूस १९३९ मध्ये, पस्तिशीतच गेला. कन्हान नदीच्या काठावर त्यांची समाधी आहे. आम्ही तिथे पाच मिनिटं थांबलो. नदीत पाणी कमी होतं, पलीकडे वाळूवर दोन गुरं उभी होती.

ड्रॅगन पॅलेस टेम्पल १९९९ मध्ये उभं राहिलं. जपानच्या नोरिको ओगावा यांचं मोठं आर्थिक साहाय्य आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकारातून हे काम झालं. नाव ऐकून मला वाटलं होतं की वळणदार छपरं, रंगीत नक्षी, ड्रॅगनचे खांब असं काही दिसेल. तसं काहीच नाही. हिरवळीच्या मोठ्या पटांगणात पांढरी, रुंद, काँक्रीटची इमारत, आणि स्वच्छता इतकी की पायऱ्यांवर बसतानाही पदर सावरावा लागत नाही. मी व्यवसायानं काँक्रीटशी बांधलेली आहे, त्यामुळे काँक्रीटच्या कडा आधी बघते. इथल्या कडा सरळ आहेत, पृष्ठभाग नितळ आहे. काँक्रीट चांगलं ओतणं ही कोरीवकामाइतकीच अवघड कला आहे, आणि तिला कधीच तेवढा मान मिळत नाही. भिंतीवर काही कोरायचं नाही असं ठरवल्यावर भिंतीची चूक लपवायला जागाच उरत नाही.

आणि मग वरच्या प्रार्थनागृहात ती मूर्ती. चंदनाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली, वजन ८६४ किलो. सगळ्या इमारतीत जी नक्षी नाही, ती सगळी जणू या एका लाकडात जमा केली आहे. चीवराच्या चुण्या, बोटांची पेरं, पापण्या. बाहेर पांढरं, आत पांढरं, आणि मध्ये एवढाच एक उबदार तपकिरी रंग. प्रार्थनागृहात बोलायचं नाही असा नियम आहे, पण तो सांगावा लागत नाही. शाळेच्या सहलीची चाळीसेक पोरं पायऱ्यांवर गोंधळ करत होती. दारातून आत आली आणि आपोआप गप्प झाली.

दुपारी आमच्या रिक्षावाल्या दादांनी "मनसर लांब नाही, चला" म्हटलं, म्हणून गेलो. जबलपूरच्या रस्त्याला, रामटेकच्या अलीकडे. हिडिंबा टेकडीवर विटांचं प्रचंड बांधकाम उघडं झालं आहे. जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी १९९८ पासून इथे उत्खनन केलं. त्यांनी इथले अवशेष बौद्ध परंपरेशी, आचार्य नागार्जुनाशी जोडले. इतर अभ्यासक याला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं प्रवरेश्वराचं शिवालय मानतात, आणि इथे सापडलेली शिवाची सुंदर मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या वादात माझ्यासारखीनं निवाडा देऊ नये. मी विटा बघितल्या. साध्या विटा घडवून, रचून त्यांतून अर्धखांब उठवले आहेत, खालपासून वर चढत जाणाऱ्या टप्प्यांनी भिंतीला छाया-प्रकाश दिला आहे. दगड नव्हता म्हणून नक्षी थांबली नाही. ऊन उतरेपर्यंत मी वहीत त्या थरांचा छेद काढत बसले आणि मावशी पायथ्याच्या झाडाखाली झोपली.

तिसरा दिवस: पवनी

नागपूरहून उमरेड, भिवापूर करत एसटीनं पवनी. भिवापूरला रस्त्याकडेला लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या, खिडकीतून ठसका लागला. पुढे धानाचा मुलूख सुरू झाला. कापण्या आटोपलेल्या, शेतांत जागोजागी पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे रचलेले ढीग. जिथे धान चुरणं चालू होतं तिथे धुळीचा सोनेरी ढग.

पवनी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. गावाभोवती जुना मातीचा कोट आहे, आणि या शांत तालुक्याच्या गावाच्या पोटात मौर्यकाळापासूनचे स्तूप होते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी त्यात प्रमुख होते. जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूर या दोन ठिकाणी मोठे स्तूप निघाले, आणि त्यांच्याभोवतीच्या दगडी वेदिकेचे कोरलेले, लेख असलेले खांब.

नाशिकला कातळात कोरलेल्या ज्या वेदिकेचं मूळ मी शोधत होते, ते हे होतं. उभा स्तंभ. त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा. खाचांत बसणारी आडवी सूची. आणि वरून सगळ्यांना जोडणारा उष्णीष. कोणताही सुतार हा जोड बघून लगेच ओळखेल, कारण हा कुंपणाचा जोड आहे. गोठ्याला, परसाला घालतात तसलं कुंपण, फक्त दगडाचं. आणि त्या कुंपणाच्या प्रत्येक खांबावर काहीतरी. बोधिवृक्ष, चक्र, हात जोडलेली माणसं.

कोरलेले खांब आता संग्रहालयांत गेले आहेत, हे मला माहीत होतं. म्हणून उत्खननाच्या छायाचित्रांच्या झेरॉक्स सोबत घेतल्या होत्या. जगन्नाथ टेकडीवर मंदिर आहे, भोवती घरं, तारेवर वाळत घातलेले कपडे. टेकडीच्या उतारावर बसून मी मांडीवर कागद पसरले. एका मुलानं विचारलं, "काय पाहून राह्यल्या?" मी त्याला मुचलिंद दाखवला.

संबोधीनंतर बुद्ध ध्यानात असताना अवकाळी वादळ आलं, सात दिवस पाऊस कोसळत राहिला, तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजानं फणा उभारून त्यांना झाकलं. पवनीच्या खांबावर हा नाग कोरलेला आहे आणि त्याचं नाव ब्राह्मीत शेजारीच लिहिलं आहे. त्याच्या फण्याखाली बुद्ध मात्र नाही. त्या काळात बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत. फण्याखाली रिकामं आसन आहे. मुलगा बराच वेळ बघत राहिला. "मंग बुद्ध कुठं गेले?" मी म्हटलं, "तिथेच आहेत, दाखवलं नाही एवढंच." त्याचं समाधान झालं असं दिसलं नाही. पण झेरॉक्स त्यानं मागून घेतली.

नागपूर हेच ठिकाण दीक्षेसाठी का निवडलं, हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगितलं होतं. बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक, आणि या शहरातून वाहणारी नाग नदी. पवनीचा मुचलिंद नागपूरपासून ऐंशी-एक किलोमीटरवर, त्याच प्रदेशातला. इथल्या दगडात तो दोन हजार वर्षं फणा उभारून आहे.

वेदिकेवर दान देणाऱ्यांची नावंही आहेत. त्यांत एक जण आहे नाग नावाचा, आणि त्याच्यापुढे विशेषण आहे ‘पचनेकायिक’. म्हणजे पाच निकाय जाणणारा, सुत्तपिटकाचे, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहाचे, पाचही भाग ज्याला अवगत आहेत असा. पुस्तकं नसण्याच्या काळात, म्हणजे तोंडपाठ. वैनगंगेच्या काठच्या या गावात असा एक माणूस होता, आणि कुंपणाच्या एका दगडाचं दान त्याच्या नावावर आहे. मला राजांच्या शिलालेखांपेक्षा असे लहान लेख फार जवळचे वाटतात. राजाचा लेख मोठ्या अक्षरांत, दर्शनी भिंतीवर असतो. हे लेख वाचायला खांबाजवळ वाकावं लागतं. एकेक खांब, एकेक सूची एकेका माणसानं दिली, आणि ते सगळे जोडले तेव्हा वर्तुळ पूर्ण झालं.

मावशीला हे वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "बायांचीयी नावं असत का?" असत. सांचीच्या वेदिकेवर तर भिक्खुणींची आणि उपासिकांची कितीतरी नावं आहेत. "मंग बरं," ती म्हणाली.

परत निघण्याआधी रुयाडचा महासमाधीभूमीचा नवा स्तूपही घाईनं पाहिला. एसटी चुकू नये म्हणून तिथे फार थांबता आलं नाही. नागपूरला पोचलो तेव्हा रात्र झाली होती.

चौथा दिवस: पुन्हा दीक्षाभूमी

गाडी संध्याकाळची होती. सकाळी सहालाच मावशीनं उठवलं. रहाटे कॉलनी स्टेशनवर उतरलो तेव्हा धुकं होतं आणि घुमटाचा वरचा भाग, छत्रासकट, दिसतच नव्हता. आवारात सकाळी फिरायला येणारी माणसं, झाडू मारणाऱ्या दोन बाया, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या स्तंभापुढे उभा असलेला एक म्हातारा, ओठ हलवत वाचणारा. तो प्रत्येक ओळीखाली बोट धरत होता. सगळ्या बावीस प्रतिज्ञा संपेपर्यंत तो हलला नाही.

मी पावलांनी प्रदक्षिणा मोजायला सुरुवात केली. हा व्यवसायाचा हिशेब होता, पण चार-दोन मिनिटांतच मोजणी सुटली. गोल इमारतीभोवती चालताना समोर कधीच शेवट दिसत नाही. कडेनं थोडीशी पुढची बाजू दिसते, तेवढीच. चौकोनी देवळाभोवती चालताना कोपरे येतात, आपण किती आलो हे कळत राहतं. इथे कळत नाही, म्हणून पावलं आपोआप संथ होतात. मी ऑफिसात रोज लोकांच्या हालचालीच्या रेषा नकाशावर आखते. इकडून प्रवेश, तिकडून बाहेर. वेदिका, तोरण, प्रदक्षिणापथ यांना इतकी वर्षं मी सजावट म्हणत आले. चालणाऱ्याचं पाऊल मंद करणारी ही आखणी आहे, आणि नक्षी त्या मंद झालेल्या पावलासाठी आहे, धावणाऱ्याला ती दिसणारच नाही.

कमानीवरच्या हत्तीवर ऊन पडलं तेव्हा धुकं निघून गेलं होतं. आम्ही आत जाऊन बसलो. मावशीनं बुद्धवंदना म्हटली, हळू आवाजात, मी तिच्यामागून. ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ला तिचा आवाज नेहमीसारखाच थोडा चढला. मी वर बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी घुमटाची आतली बाजू सेंट्रिंगच्या डोळ्यांनी पाहिली. आत्ता जिथे मोकळी हवा आहे तिथे कधीतरी खच्चून लाकूड भरलेलं होतं. फळीखाली फळी, बल्लीला बल्ली, सुतळीनं, खिळ्यांनी बांधलेली. ओतकाम पक्कं झाल्यावर ते सगळं उतरवलं, आणि मागे ही रिकामी जागा राहिली. सेंट्रिंग करणाऱ्याच्या कामाचं असंच असतं. काम नीट झालं की ते काढून घेतात.

बाहेर येऊन बोधिवृक्षाखाली बसलो. मी वहीत स्तूपाचा तळनकाशा काढला. मोठं वर्तुळ, चार दिशांना चार दारं, मध्ये चौकोन. मावशी शेजारून बघत होती.

"उत्तर कुठं आलं?"

मी बाण दाखवला.

तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. मावशी चौथीपर्यंत शिकलेली. तिचं अक्षर मोठं आणि तिरकं आहे. उत्तरेच्या दाराच्या थोडं उजवीकडे, वर्तुळाच्या रेषेला लागून, तिनं काकांचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग थोडा विचार करून त्याच्याखाली आणखी दोन नावं लिहिली. "हे दोघं संगं होते त्याह्यच्या," म्हणाली. एकाचं आडनाव तिला आठवत नव्हतं, तिथे तिनं गावाचं नाव घातलं.

वही तिनं परत दिली. डबा उघडला. भाकर, ठेचा आणि सोललेली दोन संत्री होती. खाऊन झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि सहलींच्या बसगाड्या लागायला सुरुवात झाली होती. गाडीला अजून बराच वेळ होता, म्हणून आम्ही आणखी एक फेरी मारली.